तांत्रिक दस्तऐवज आणि त्यांचा वाचक : सांबा प्रकल्पाच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

साहित्याच्या अभ्यासात संहिता, तिचा कर्ता आणि तिचा वाचक या तिन्ही घटकांचा विचार आपण करीत असतो. परंतु संहिता अस्तित्वात असूनही ती वाचकाच्या हाती पडू दिली जात नाही, तेव्हा काय घडते, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने कमी झालेली आहे. मराठीला हा प्रश्न अपरिचित नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. त्यामुळे मराठी गद्याचा एक आद्य आणि समृद्ध भाग पंथाबाहेरच्या अभ्यासकांना शतकानुशतके अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि त्यानंतर मराठी वाङ्मयेतिहासाची प्रारंभीची प्रकरणे नव्याने लिहावी लागली. ग्रंथ होते, त्यांची भाषाही मराठीच होती. नव्हती ती केवळ वाचनाची किल्ली.

आजच्या काळात असाच प्रश्न एका अगदी वेगळ्या लेखनप्रकाराच्या संदर्भात उभा राहिला आहे. तो लेखनप्रकार म्हणजे संगणकप्रणालींचे अधिकृत तांत्रिक दस्तऐवज. एखादी प्रणाली बाहेरच्या जगाशी कशी बोलते, कोणता संदेश कोणत्या क्रमाने स्वीकारते, चूक झाली तर कोणते उत्तर देते, हे सांगणारे हे लेखन असते. ते वाचल्यावाचून त्या प्रणालीशी जुळणारी दुसरी प्रणाली लिहिता येत नाही, किंवा लिहिता आली तरी अपार कष्टाने येते. प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराचे स्वरूप थोडक्यात मांडून, सांबा या मुक्त प्रकल्पाच्या इतिहासाच्या आधारे, स्वतंत्र आज्ञावलीकाराला असे दस्तऐवज न मिळणे म्हणजे नेमके काय आणि ते मिळाल्याने काय बदलते, हे पाहावयाचे आहे. ‘स्वतंत्र आज्ञावलीकार’ म्हणजे कोणत्याही मोठ्या कंपनीचा करार किंवा परवाना पाठीशी नसलेला प्रोग्रॅमर, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे.

२. लेखनप्रकाराचे स्वरूप

तांत्रिक दस्तऐवज हा रूक्ष आणि कर्तृहीन लेखनप्रकार मानला जातो. प्रत्यक्षात त्याला स्वतःची परंपरा आहे. युनिक्स या प्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. तिच्यात प्रत्येक आज्ञेसाठी नाव, वापराची रीत, वर्णन अशी ठरावीक उपांगे होती आणि त्यांतच ज्ञात दोषांचेही एक उपांग होते. आपल्या कृतीतील उणिवा कर्त्यानेच वाचकापुढे मांडाव्यात, हा संकेत या लेखनप्रकाराने आरंभीच स्वीकारला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. त्याच सुमारास, ७ एप्रिल १९६९ रोजी, अर्पानेट या संगणकजालाच्या निर्मात्यांनी ‘अभिप्रायासाठी विनंती’ अशा नम्र नावाची टिपणमाला सुरू केली. इंटरनेटचे मूलभूत नियम याच मालेत लिहिले गेले आणि ते आजही कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

दुसरी परंपरा भाष्याची आहे. सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सोर्स कोड आणि त्यावरील भाष्य विद्यार्थ्यांसाठी दोन खंडांत तयार केले. १९७९ साली सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या परवान्याने वर्गात सोर्स कोड शिकविण्यास मनाई केली. तेव्हापासून लायन्स यांचे भाष्य छायाप्रतींच्या छायाप्रती होत हातोहात फिरत राहिले. त्याचे खुले प्रकाशन १९९६ साली झाले. मधल्या काळात एका पिढीने कार्यप्रणालीचे शास्त्र या अनधिकृत प्रतींवरून आत्मसात केले. हस्तलिखितांच्या प्रसाराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सोर्स कोड आणि दस्तऐवज या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोर्स कोड ही प्रत्यक्ष कृती होय; तिच्यात यंत्राने काय करावयाचे ते सांगितलेले असते. दस्तऐवज ही त्या कृतीच्या बाह्य वर्तनाची लक्षणे होत. छंदःशास्त्राचे उदाहरण घेऊ. शार्दूलविक्रीडित वृत्तात १९ अक्षरे असतात आणि बाराव्या अक्षरानंतर यती येतो, हे लक्षण ज्याला ठाऊक आहे तो त्या वृत्तात श्लोक रचू शकतो. पण केवळ लक्षण कळल्याने दुसऱ्याचा श्लोक त्याच्या हाती येत नाही. उलटपक्षी, श्लोक हाती असला तरी त्यातील कोणती गोष्ट वृत्ताची अट म्हणून आली आहे आणि कोणती कवीने आपल्या इच्छेने केली आहे, हे एका श्लोकावरून ठरवता येत नाही. पुढील सर्व वादाचे मूळ या भेदात आहे.

३. ऐकून शिकलेली भाषा

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएममध्ये एक प्रोटोकॉल तयार झाला. एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावरून जणू ती स्वतःच्याच डिस्कवर असावी तशी उघडता यावी, हा त्याचा हेतू होता. पुढे सर्व्हर मेसेज ब्लॉक, संक्षेपाने एसएमबी, या नावाने तो ओळखला जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टने तो स्वीकारून त्यात वेळोवेळी भर घातली आणि विंडोजचा प्रसार झाला तसा तो जगभरच्या कार्यालयांतील रोजच्या व्यवहाराचा आधार झाला. या प्रोटोकॉलचे काही वर्णन प्रसिद्ध झालेले होते. एक्स-ओपन या संघटनेने १९९२ साली त्याचे एक विनिर्देशपत्र काढले आणि १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही त्याला नवे नाव देऊन एक मसुदा इंटरनेटच्या मानककर्त्यांपुढे ठेवला. परंतु प्रत्यक्ष वापरातील विंडोज ही या लिखित वर्णनांच्या पुष्कळ पुढे गेलेली होती. विशेषतः कार्यालयातील सर्व वापरकर्त्यांची ओळख, त्यांचे अधिकार आणि परवलीचे शब्द यांचा मध्यवर्ती कारभार ज्या संदेशांनी चालतो, त्यांचे वर्णन बाहेरच्यांना उपलब्ध नव्हते.

१९९१ च्या अखेरीस कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हे संशोधक विद्यार्थी होते. डॉस वापरणाऱ्या आपल्या संगणकावरून त्यांना युनिक्सवरील फाइली उघडावयाच्या होत्या. त्यासाठी डिजिटल या कंपनीचे पाथवर्क्स हे सॉफ्टवेअर जे संदेश पाठवीत असे, ते त्यांनी वाटेत टिपून घेतले, त्यांचे घटक वेगळे केले आणि योग्य उत्तरे देणारा सर्व्हर लिहिला. आपण जो प्रोटोकॉल उलगडीत आहोत तो एसएमबी आहे, हे त्यांना तेव्हा माहीतही नव्हते. पुढे या सर्व्हरला दिलेले नाव दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळते असे आढळल्यावर, एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येतील असा शब्द त्यांनी संगणकावरील शब्दसूचीतून शोधून काढला. ‘सांबा’ हे नाव असे आले.

आपल्या पद्धतीचे वर्णन ट्रिजेल यांनी फ्रेंच कॅफेच्या दृष्टान्ताने केले आहे. फ्रेंचचा गंध नसलेला मनुष्य पॅरिसमधील कॅफेत जाऊन बसतो. शेजारच्या टेबलावरची माणसे काही बोलतात आणि वाढपी काही आणून ठेवतो. पुष्कळ वेळ ऐकल्यावर कोणत्या ध्वनीने कोणता पदार्थ येतो हे त्याला समजू लागते. मग तो स्वतः बोलून पाहतो. वाढपी गोंधळला तर उच्चार चुकला किंवा क्रम चुकला असे समजतो. सर्व शब्द ऐकून संपले की शब्दकोश घेऊन एकेक शब्द उच्चारून पाहणे एवढाच मार्ग उरतो.

या दृष्टान्तातील शेवटची पायरी सांबाच्या कामात अक्षरशः घडली. एसएमबीच्या मूळ रूपात प्रत्येक संदेशाला ३२ बाइटांचे शीर्ष असते. त्याचे पहिले चार बाइट ठरीव असतात आणि त्यानंतर आज्ञेचा क्रमांक येतो. काही आज्ञांच्या पोटात आणखी एक १६ बिटांचा क्रमांक येतो. म्हणजे ६५,५३६ शक्यता झाल्या. यांपैकी कोणत्या क्रमांकांना खरोखर अर्थ आहे, हे कोठेही सांगितलेले नसेल तर सगळे क्रमांक पाठवून पाहावयाचे. ‘असा क्रमांक नाही’ असे उत्तर बहुतेकांना मिळते. एखाद्याला मात्र ‘माहितीची लांबी चुकली’ असे वेगळे उत्तर मिळते. हे वेगळे उत्तर म्हणजेच पुरावा की येथे काहीतरी आहे. मग लांबी एकेका बाइटने वाढवीत जावयाची. अशा चाचण्या आपोआप करणारी साधने सांबाच्या चमूने तयार केली होती.

ही पद्धत भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना ओळखीची वाटेल. लिखित व्याकरण नसलेल्या बोलीचे व्याकरण क्षेत्राभ्यासक याच रीतीने बांधतो. मात्र दोहोंतील फरकही नोंदवावयास हवा. बोली बोलणारा निवेदक अभ्यासकाला ‘असे आम्ही म्हणत नाही’ एवढे तरी सांगतो. सर्व्हर केवळ त्रुटिसंकेत देतो. चूक कोणती हे सांगत नाही, आणि कधीकधी चूक असूनही मूकपणे स्वीकारतो.

४. निरीक्षणाची मर्यादा

या पद्धतीने सांबा चालला आणि उत्तम चालला. मग दस्तऐवजांची आवश्यकता कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर असे की निरीक्षणाने जे घडले तेवढेच कळते. जे घडू शकते पण अद्याप घडलेले नाही, ते कळत नाही. एखादे क्षेत्र शंभर संदेशांत शून्यच दिसले, तर ते नेहमी शून्यच असते, की एका विशिष्ट प्रसंगीच त्याला अर्थ येतो? कॅफेत बसलेल्या माणसाने हिवाळ्यात कधीच न मागितला जाणारा पदार्थ ऐकलेलाच नसतो. कार्यालयातील सर्व्हरच्या बाबतीत असा न ऐकलेला शब्द नेमका वर्षअखेरीच्या दिवशी उच्चारला जातो आणि काम थांबते.

दुसरी मर्यादा हेतूची. निरीक्षणातून ‘काय’ कळते. ‘का’ कळत नाही. एखादे वर्तन नियम आहे की दोष आहे, हे बाहेरून ठरवता येत नाही. नियम समजून दोषाचीच हुबेहूब नक्कल करावी, तर पुढील आवृत्तीत तो दोष दुरुस्त होतो आणि नक्कल तुटते. तिसरी मर्यादा काळाची. सांबाच्या चमूने एक आवृत्ती उलगडेपर्यंत विंडोजची पुढील आवृत्ती येत असे. सकळ लिपीची किल्ली एकदा सापडली की ग्रंथ कायमचा उघडला. कारण ग्रंथ बदलत नव्हता. येथे ग्रंथच दर दोन-तीन वर्षांनी नवा होत होता. महानुभावांच्या लिपीशी केलेली तुलना येथे अपुरी पडते आणि ती कोठे अपुरी पडते हे समजणे हेच तिचे प्रयोजन आहे.

वाचण्याचेही काही धोके असतात, हे येथे सांगितले पाहिजे. आयबीएमने १९८१ साली आपल्या वैयक्तिक संगणकाच्या तांत्रिक पुस्तिकेत बायोस या मूलभूत आज्ञावलीचा सोर्स कोड छापला होता. तो कोणालाही वाचता येत असे. पण त्यावर स्वामित्वहक्क असल्याने, तो वाचलेल्या माणसाने तशीच आज्ञावली लिहिली तर ती नक्कल ठरण्याचा धोका होता. म्हणून सुसंगत संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनी माणसांची विभागणी केली. एका गटाने वाचावे आणि फक्त वर्तनाचे वर्णन लिहून द्यावे. ज्यांनी मूळ कधीही पाहिलेले नाही अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी आज्ञावली लिहावी. वाचक आणि लेखक यांना एकमेकांपासून अलग ठेवणारी ही रीत साहित्याच्या इतिहासात क्वचितच आढळेल. तिच्यातूनही हेच सिद्ध होते की निर्मात्याला गरज असते ती वर्तनाच्या वर्णनाची, मूळ कृतीची नव्हे.

५. दस्तऐवज न्यायालयात

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने मायक्रोसॉफ्टकडे अशी माहिती मागितली, की जिच्या आधारे सनचे सर्व्हर विंडोजच्या कार्यालयीन नेटवर्कमध्ये बरोबरीने काम करू शकतील. ती न मिळाल्याने सनने १० डिसेंबर १९९८ रोजी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाचा निर्णय २४ मार्च २००४ रोजी झाला. त्याने ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड ठोठावला आणि १२० दिवसांच्या आत संपूर्ण आणि अचूक विनिर्देश उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. आदेशात सोर्स कोड मागितलेला नव्हता, केवळ परस्परव्यवहाराचे वर्णन मागितले होते, हे महत्त्वाचे.

मायक्रोसॉफ्टची भूमिका अशी होती की हे प्रोटोकॉल म्हणजे आपल्या बौद्धिक श्रमाचे फळ आहे. ते उघड करण्यास भाग पाडल्यास प्रतिस्पर्ध्यांना आपल्या कृतीची प्रतिकृती करणे सोपे जाईल आणि नवे काही घडविण्याची प्रेरणाच उरणार नाही. या युक्तिवादाला काही वजन आहे. वर वृत्त आणि श्लोक यांचा जो भेद केला, तो प्रत्यक्षात नेहमीच इतका निरपवाद नसतो. क्लिष्ट प्रणालीत वृत्ताची रचना हीसुद्धा मोठ्या कल्पकतेची गोष्ट असते. परंतु ज्या वृत्तावाचून जगातील बहुतेक कार्यालयांत कोणालाच बोलता येत नाही, ते वृत्त एका घराण्याचे खाजगी राहू शकते काय, हा खरा प्रश्न होता.

निर्णयानंतरचा काळ या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. आदेशाप्रमाणे दस्तऐवज सादर झाले. पण ते वाचून काम करता येईना. दस्तऐवजांची तपासणी करण्यासाठी ऑक्टोबर २००५ मध्ये नील बॅरेट या संगणकतज्ज्ञाची नेमणूक झाली. हे दस्तऐवज अपुरे असून प्रत्यक्ष कामासाठी निरुपयोगी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. लिहिलेले असणे आणि वाचता येणे यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच कागदावर आले असेल. जानेवारी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने दस्तऐवजांना पूरक म्हणून सोर्स कोडच परवान्याने पाहू देण्याची तयारी दर्शविली. वरवर पाहता ही अधिक उदार देणगी होती. सांबाच्या बाजूने मात्र तिचे स्वागत झाले नाही. सोर्स कोड म्हणजे विनिर्देश नव्हे. शिवाय तो वाचलेल्या प्रोग्रॅमरच्या पुढील सर्व लेखनावर नकलेचा संशय राहिला असता. जुलै २००६ मध्ये आदेशाची पूर्तता न केल्याबद्दल आयोगाने आणखी २८ कोटी ५ लाख युरोंचा दंड केला.

दरम्यान सनने एप्रिल २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी तडजोड केली होती. इतरही काही मोठे तक्रारदार तडजोड करून बाजूला झाले. ज्यांच्याकडे तडजोडीत घेण्यासारखे किंवा देण्यासारखे काहीच नव्हते, अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप ही संस्था आणि तिच्यासोबत सांबाचे प्रोग्रॅमर शेवटपर्यंत उभे राहिले. ट्रिजेल आणि त्यांचे सहकारी जेरेमी ॲलिसन यांनी या प्रकरणात तांत्रिक बाजू समजावून सांगण्याचे काम केले. लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने १७ सप्टेंबर २००७ रोजी तपासनीसाच्या अधिकारांविषयीचा भाग रद्द करून बाकी निर्णय मूलतः कायम ठेवला.

तरीही एक अडसर उरला होता. तो किमतीचा आणि अटींचा. मायक्रोसॉफ्टने आरंभी विक्रीवर टक्केवारीने स्वामित्वशुल्क मागितले होते. पेटंटांसह जागतिक परवान्यासाठी ते ५.९५ टक्के होते. ज्याची विक्रीच होत नाही, ज्याच्या प्रती किती झाल्या हे कर्त्यालाही ठाऊक नसते, अशा मुक्त सॉफ्टवेअरला टक्केवारीचा कोणताही आकडा सारखाच अशक्य होता. ऑक्टोबर २००७ मध्ये हा दर ०.४ टक्क्यांवर आला आणि पेटंटांशिवाय केवळ माहिती हवी असल्यास १०,००० युरोंचे एकरकमी शुल्क ठरले. २० डिसेंबर २००७ रोजी प्रोटोकॉल फ्रीडम इन्फर्मेशन फाउंडेशन या याच कामासाठी स्थापन झालेल्या संस्थेने ही रक्कम भरून करार केला. सांबाच्या प्रोग्रॅमरांना या संस्थेमार्फत, गोपनीयतेच्या अटीवर, दस्तऐवज वाचता येऊ लागले. दस्तऐवज प्रसिद्ध करावयाचे नाहीत, मात्र ते वाचून लिहिलेली आज्ञावली मुक्तपणे प्रसिद्ध करावयाची, असा हा तोडगा होता.

दोनच महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २००८ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या प्रोटोकॉलांची ३०,००० हून अधिक पृष्ठे कोणत्याही परवान्याविना सर्वांसाठी खुली करीत असल्याचे घोषित केले. हे दस्तऐवज तेव्हापासून सातत्याने अद्ययावत केले जात असून आजही विनामूल्य वाचता येतात.

६. वाचनाचे फलित

दस्तऐवज मिळाल्याने काय झाले? ११ डिसेंबर २०१२ रोजी सांबाची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. विंडोजच्या कार्यालयीन नेटवर्कचा मध्यवर्ती कारभार, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी, स्वतः चालविण्याची क्षमता तिच्यात होती. हे काम खुद्द मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज आणि तिच्या अभियंत्यांचे साहाय्य यांच्या आधारे पुरे झाल्याचे सांबाच्या चमूने त्या वेळी कृतज्ञतापूर्वक नमूद केले. लहान कार्यालय, शाळा किंवा ग्रंथालय यांना परवान्याचे शुल्क न भरता असा सर्व्हर चालविता येणे, हा या वाचनाचा व्यावहारिक अर्थ आहे.

परंतु साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने दुसरे फलित अधिक लक्षणीय आहे. दस्तऐवज हाती आल्यावरही सांबाच्या चमूने आपली जुनी पद्धत सोडली नाही. दस्तऐवजात लिहिलेले आणि सर्व्हरचे प्रत्यक्ष वर्तन यांची तुलना ते करीत राहिले. जेथे विसंगती दिसे तेथे ती कळविली जाई आणि दस्तऐवज दुरुस्त होई. बाहेरच्या वाचकाने पाठचिकित्सा करावी आणि मूळ कर्त्याने तदनुसार आपली संहिता शुद्ध करावी, असा हा व्यवहार आहे. सोळा वर्षे केवळ ऐकून भाषा शिकलेल्या माणसांइतका सूक्ष्म वाचक त्या व्याकरणाला अन्यथा मिळाला नसता. बंद संहितेला चुकाही बंदच ठेवाव्या लागतात; खुल्या संहितेच्या चुका वाचक दाखवतो.

७. मराठीच्या संदर्भात

हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाला दूरचा वाटू नये. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी मजकूर अशा फाँटांत टंकलिखित होत असे, ज्यांत प्रत्येक निर्मात्याची अक्षरचिन्हांची मांडणी स्वतंत्र होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ साली निश्चित झालेले होते. परंतु हे फाँट अक्षरांचे संकेत साठवीत नसत, तर अक्षरांच्या आकारांचे क्रमांक साठवीत. तोच क्रमांक एका फाँटात ‘क’ तर दुसऱ्यात ‘ळ’ दाखवी. त्या मांडणीचे कोष्टक बहुधा प्रसिद्ध नसे. परिणामी फाँट हरवला की मजकूर हरवला.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या स्वतंत्र आज्ञावलीकारांना फ्रेंच कॅफेचीच वाट धरावी लागली. छापील पान एका बाजूला आणि फाइलीतील क्रमांक दुसऱ्या बाजूला ठेवून हाताने कोष्टक तयार करावयाचे. त्यातही अडचणी होत्या. ‘ि’ ही वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून आकारांच्या मांडणीत ती आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराच्या बाबतीत नेमके उलट. एखादा दुर्मिळ जोडाक्षराचा आकार तपासलेल्या पानांत आलाच नसेल, तर कोष्टकात तेथे पोकळी राहते आणि नंतर कधीतरी एखाद्या कवितेत तेथेच चुकीचे अक्षर उमटते. न ऐकलेल्या शब्दाविषयी वर जे म्हटले, त्याचा हा मराठी दाखला होय.

याउलट युनिकोडचे उदाहरण पाहावे. त्याच्या देवनागरी विभागाची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे आणि त्याचे विवेचन सर्वांना खुले आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या दोन शब्दांत अर्थाचा भेद आहे आणि तो केवळ अर्ध्या ‘र’च्या आकाराने दाखवला जातो. हा मराठीचा विशेष कसा साठवावा आणि कसा दाखवावा, याचा नियम युनिकोडच्या विवेचनात स्पष्ट सांगितलेला आहे. त्यामुळे मराठीचा गंध नसलेला, जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील प्रोग्रॅमर तो वाचून डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होऊ न देणारी आज्ञावली लिहू शकतो. भाषेचे हित एका खुल्या दस्तऐवजाने कसे साधले जाते, याचा याहून थेट पुरावा नको.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून दस्तऐवजांच्या ‘उपलब्धते’चे अनेक पदर ध्यानात येतात. दस्तऐवज लिहिलेला असणे ही पहिली पायरी. तो पूर्ण आणि कामास येण्याजोगा असणे ही दुसरी. त्याची किंमत आणि अटी एकट्या माणसाला पेलणाऱ्या असणे ही तिसरी. तो वाचल्यामुळे पुढील लेखनावर बंधन न येणे ही चौथी; आणि वाचकाच्या दुरुस्त्यांना त्यात स्थान असणे ही पाचवी. युरोपातील प्रकरणात पहिल्या पायरीवरून तिसरीवर येण्यास आदेशानंतरही साडेतीन वर्षे लागली. यांपैकी एकही पायरी नसेल तर दस्तऐवज ‘उपलब्ध आहे’ हे विधान नावापुरतेच खरे ठरते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे आता एक व्यावहारिक प्रश्न आहे. भारतीय भाषांतील साहित्य झपाट्याने अंकीय रूपात साठवले जात आहे. ते कोणत्या रचनेत साठवले जाते, त्या रचनेचे वर्णन खुले आहे काय आणि साठविणारी संस्था किंवा कंपनी उद्या नसली तरी एखाद्या एकट्या प्रोग्रॅमरला ते वर्णन वाचून मजकूर पुन्हा उघडता येईल काय, हे विचारण्याची जबाबदारी केवळ तंत्रज्ञांवर टाकता येणार नाही. सकळ लिपीची किल्ली निदान पंथाच्या परंपरेत जिवंत होती. ज्या फाइलीची किल्ली बंद पडलेल्या कंपनीबरोबर गेली, तिच्यासाठी राजवाड्यांना कोणत्या मठात जावे लागेल?